सुलभ आवृत्ती

"टोकन क्रमांक एकशे चार, काउंटर क्रमांक तीन," हे जेवणाच्या टेबलावरून म्हणाले आणि केतकी हसत सुटली.

मी हसले नाही, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. केतकीने फोनवर जे ॲप लावलं होतं त्यातली बाई भाग्याईच्या पोथीतलं नमन वाचत होती, आणि बँकेत नंबर पुकारणारी बाई वाचते तसंच वाचत होती. 'जगदंबे' म्हणताना ती मध्येच श्वास घ्यायची, आणि 'अंबे' वेगळी पडायची.

"आई, पण यात डोळ्यांना काहीच त्रास नाही," केतकी म्हणाली. "तू नुसतं ऐकायचं."

"ऐकायचं नाही गं. वाचायचंय. माझ्या तोंडाने."

"मनातल्या मनात?"

"मोठ्याने. आपल्याला ऐकू येईल एवढं तरी."

"देवीला कमी ऐकू येतं वाटतं," हे म्हणाले.

"अहो."

"बरं, राहिलं."

आम्ही तिघं त्या रविवारी दुपारी माझ्यासाठी फोनवर पोथी वाचायचं ॲप निवडत बसलो होतो. कऱ्हाडातलं आमचं घर, टेबलावर जेवणाची ताटं तशीच पडलेली. वरवर सगळं हसण्यावारी चाललं होतं, कारण ज्यासाठी हे चाललं होतं ते कुणी तोंडाने बोलत नव्हतं. केतकीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीच्या दोन्ही वेळा चौथा महिना लागायच्या आत सगळं संपलं होतं. ती पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती आणि जिना चढतानाही पोटावर हात ठेवून चढत होती.

पोथी मला दमयंतीताईंनी दिली होती. आमच्या भजनी मंडळातल्या त्या सगळ्यांत मोठ्या, त्यांचा शब्द आम्ही कुणी मोडत नसू. भाग्याईची पोथी गर्भ राखते, असं त्या म्हणाल्या. रोज तीन अध्याय, आंघोळ करून, चहासुद्धा न घेता, मध्ये न बोलता, बाळंतपण होईपर्यंत. आणि एक अक्षर गाळायचं नाही. मी लगेच संकल्प सोडला होता. रोजचे नेम मला नवे नव्हते. पण पोथी होती जुन्या छपाईची, अक्षरं मुंगीएवढी, आणि माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पहिला अध्याय भिंगातून कसाबसा झाला आणि दुसऱ्यात ओळी एकमेकींत शिरायला लागल्या. तेव्हा केतकी म्हणाली होती की फोनवर अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, मी आले की लावून देते.

ह्यांचा जुना फोन त्यासाठी काढला. कार्ड नसलेला, म्हणजे मध्येच वाजायची भीती नको. त्याचं चामड्याचं पाकीट मी आधी उतरवून ठेवलं. फुलाने पाणी शिंपडून घेतलं तेव्हा हे म्हणाले, "एकच थेंब हं, नाहीतर तोच समाधी घ्यायचा."

पहिल्या ॲपमध्ये दर दोन पानांनी जाहिरात यायची. देवी राक्षसाच्या छातीवर पाय ठेवते न ठेवते, तोच गुडघेदुखीचं तेल.

"राक्षसालाच लागणार ते," हे म्हणाले.

दुसरं ते टोकनवालं. तिसऱ्यात पानं पुस्तकासारखी उलटायची, मागचा रंग जुन्या कागदासारखा पिवळसर, अक्षरं बोटाने ओढली की हरभऱ्याएवढी व्हायची. भाग्याईच्या देवस्थानानेच पोथी त्यावर ठेवली होती, लांबच्या भाविकांसाठी. पान उलटताना कागदाचा आवाज यायचा. तो तेवढा बंद कर म्हटलं. कागद नाही तर आवाज कशाला.

"हे घ्यायचं मग?" केतकीने विचारलं.

"हे छान आहे."

तिने पोथी उतरवून घेतली आणि फोन माझ्यापुढे धरला. देवीचा मुखवटा, खाली पोथीचं नाव, त्याखाली लाल अक्षरांत दोन शब्द: सुलभ आवृत्ती.

"सुलभ म्हणजे गं?"

ती पडद्यावर काहीतरी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मोठ्या अक्षरांची."

"सुलभ म्हटलं की मला स्टँडच आठवतो," हे म्हणाले. ह्यांची सगळी नोकरी एसटीत गेली. मी डोळे मोठे केले, केतकी हसली, आणि तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून माझं वाचन सुरळीत चालू झालं. छापील पोथी लाल कापडात गुंडाळून चौरंगावर ठेवली. तिला रोज हळद-कुंकू वाहायचं, फूल वाहायचं, नमस्कार करायचा, आणि मग पाटावर बसून फोनवर वाचायचं. पानं उजव्या हातानेच उलटायची, एवढं मी पाळलं.

आणि काय सांगू, वाचन असं सरसर व्हायला लागलं की माझं मलाच नवल वाटे. भिंगातून एका अध्यायाला जेवढा वेळ लागला होता तेवढ्यात इथे तिन्ही व्हायचे. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन खुणेने विचारायचे, झालं? मी मान हलवली की चहाचं आधण ठेवायचे. मंडळात दमयंतीताईंना कौतुक वाटलं. "मला अजून तासाच्या वर लागतो हो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अक्षरं मोठी आहेत ना, अडखळायला होत नाही. आमच्या केतकीने निवडून दिलंय." हे मी किती जणींना सांगितलं असेल. आणि केतकीलाही फोनवर सांगायची, "तुझं ते ॲप म्हणजे प्रसादच मिळाला बघ मला." ती म्हणायची, "बरं झालं." मग भाजी काय केलीस ते विचारायची.

चौथा गेला, पाचवा गेला. प्रत्येक तपासणीच्या दिवशी मी वाचन झाल्यावर पाटावरून उठायचेच नाही, तिचा फोन येईपर्यंत. "सगळं नीट आहे," ती म्हणायची, आणि मी लाल कापडावर डोकं टेकायचे. सातव्यात जावईबापू, निनादराव, तिला गाडीतून सावकाश घेऊन आले आणि बाळंतपणासाठी माझ्याकडे ठेवून गेले. आता ती रोज सकाळी दिवाणावर पडून माझं वाचन ऐकायची. निदान मला तसं वाटायचं.

त्याच महिन्यात मंडळाने दमयंतीताईंच्या घरी भाग्याईचं सामूहिक वाचन ठेवलं. बारा-पंधरा जणी, दोन ओळींत समोरासमोर पाट, मधे चौरंग. सगळ्यांच्या मांडीवर पोथ्या, माझ्या मांडीवर फोन. एका सुरात वाचायचं, कुणी मागेपुढे व्हायचं नाही. पाठ म्हणाव्या तशा सगळ्यांच्या ओव्या पडत होत्या. पण माझी गाडी पहिल्याच अध्यायात एकदोनदा अडखळली. मला वाटलं, बोट लागून पान पुढे सरकलं असेल. मी शोधून पुन्हा सुरात मिसळले. पुढे प्रत्येक अध्यायात असंच होत गेलं, ओळ सापडेपर्यंत मी सूर तेवढा धरून राहायची. शेजारच्या बाईने नुसतं पाहिलं.

मग नववा अध्याय आला. देवी म्हातारीचं सोंग घेऊन एका निपुत्रिक बाईच्या दारात येते आणि भाकरी मागते, तो. म्हातारी ओसरीवर येऊन उभी राहीपर्यंत आम्ही बरोबर होतो. पुढे मी वाचलं,

'म्हातारी बैसली जेवोन । दिधले तिने आशीर्वचन ।'

आणि बाकी सगळ्या एका सुरात म्हणाल्या,

'म्हणे ऊठ गे थेरडे येथून । नाही तुजला येथ अन्न ।'

माझा एकटीचा आवाज वेगळा पडला. मी थांबले. त्या वाचत राहिल्या. ती बाई म्हातारीला हाकलून देते. रात्री तिला झोप येत नाही. ती पहाटे म्हातारीला शोधायला निघते, पायात काटे मोडतात, वेशीबाहेरच्या बायका तिला हसतात, ती तिथेच बसून रडते. मी पुढची पानं उलटली, मागची उलटली. माझ्या पोथीत यातलं काहीच नव्हतं. माझ्या पोथीत म्हातारीला कुणी हाकललंच नव्हतं.

अध्याय संपल्यावर दमयंतीताईंनी सगळ्यांना खुणेने थांबवलं आणि हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी चष्मा सारखा केला, पानं मागे नेत नेत पहिल्या पानावर आल्या.

"ही सुलभ आहे हो, शैलाताई."

"मोठ्या अक्षरांची," मी म्हणाले.

"अक्षरांचं नाही. नोकरीवाल्या बायकांना वेळ नसतो, म्हणून देवस्थानाने काढलीय. निम्म्याच्या वर ओव्या गाळून. नुसतं गोष्टीचं सार ठेवलंय." त्यांनी फोन परत दिला. त्यांचा आवाज दुखवणारा नव्हता, उलट फार जपून बोलल्या. "रोज हीच वाचता का?"

समोर देवी होती. मी आसनावर बसले होते. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या जणींना मी सांगितलेलं होतं की माझ्या लेकीने निवडून दिलंय.

"नाही," मी म्हणाले. "रोज पोथीच वाचते. आज डोळा दुखत होता म्हणून हे आणलं."

"मग हरकत नाही," दमयंतीताई म्हणाल्या. "या, माझ्या पोथीत बघा."

पुढचे अध्याय मी त्यांच्या मांडीवरच्या पोथीत पाहून नुसते ओठ हलवले.

घरी आले तेव्हा केतकी दिवाणावर पाय वर घेऊन बसली होती आणि हे तिला डाळिंब सोलून देत होते.

"आलीस? प्रसाद काय होता?" ह्यांनी विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली. चप्पलही काढली नव्हती. "केतकी, सुलभ म्हणजे काय?"

तिच्या आधी हे बोलले. "अगं, तुझ्या डोळ्यांसाठी म्हणूनच. डॉक्टर म्हणालेच होते ना, ताण नको."

मी ह्यांना विचारलंच नव्हतं. ते डाळिंबाकडे बघून बोलत होते, दाणे वाटीत पडत होते, आणि मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"नंतर कळलं. म्हणजे, त्याच आठवड्यात."

"रोज दारात येऊन विचारायचात, झालं का म्हणून."

"मग काय करू? तू किती खुशीत होतीस. चहा घेताना चेहरा बघायला हवा होतास तुझा."

"निनादरावांना माहीत आहे?"

ह्यांनी डाळिंबाची पुढची फोड उचलली.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"अगं, देवी काय ओव्या मोजत बसते?" हे म्हणाले.

"देवी नसेल मोजत. पण मी अक्षर गाळणार नाही म्हणाले होते. हातात पाणी घेऊन म्हणाले होते. आणि पाच महिने रोज तिच्यासमोर बसून निम्मं गाळत होते, वर नमस्कार करत होते. मला वेड्यात काढलंत तुम्ही. तिच्यासमोर."

माझा आवाज चढला नव्हता. माझा चढत नाही. पण ह्यांनी वाटी खाली ठेवली.

"बाबा, राहू द्या," केतकी म्हणाली. ती उशीला रेलून सरळ बसली. "डोळ्यांसाठी नव्हतं ते. डोळ्यांसाठी असतं तर संपूर्ण पोथीचीही अक्षरं तेवढीच मोठी झाली असती. ती तिथेच होती, शेजारी. मी मुद्दाम ही घेतली."

हे तिच्याकडे बघतच राहिले. तिचं हे सांगणं त्यांनाही नवं होतं.

"का?" मी विचारलं.

"मागच्या वेळी दवाखान्यात मी झोपले होते असं तुम्हाला वाटत होतं. दमयंतीकाकू तुला म्हणाल्या, तुमच्या सोमवारांत कुठे खंड पडला का बघा. आठवतंय? मी डोळे मिटून पडले होते. त्या गेल्या आणि तू माझ्या पायाशी बसून बोटांवर मोजायला लागलीस."

मला तो स्टीलचा स्टूल आठवला.

"मी रडतसुद्धा नव्हते, आई. मी तुझी बोटं बघत होते. या वेळी तुला मोजायला काही राहू नये, असं ठरवलं होतं मी. काही झालं असतं तर सांगितलं असतं, तुझं काही चुकलं नाही, आधीपासून मीच चुकवलं होतं."

"आणि काही झालं नाही तर? सांगणार नव्हतीस."

"नाही. पण मला माहीत असतं." तिने पोटावर हात ठेवला. "की हे आपलं आपण राहिलं. कुणाच्या वाचनामुळे नाही."

"मला सरळ सांगायचं होतंस. नको वाचू म्हणाली असतीस तर मी थांबले असते."

"थांबली असतीस?"

ती टोचून बोलली नाही. खरंच विचारावं तसं विचारलं. हे माझ्याकडे बघत होते. मी वाकून चप्पल काढली, कोपऱ्यात नेऊन ठेवली, हातपाय धुऊन आले. दोघंही तसेच बसले होते.

"उद्यापासून मी छापील पोथी वाचणार," मी म्हणाले. "भिंगातून. दिवस गेला तरी चालेल."

"वाच," केतकी म्हणाली. "पण संकल्पात माझं नाव नको. बाळाचंही नको."

"अगं, असं कसं?" हे म्हणाले. "कुणासाठी ते सांगावंच लागतं."

"मग दुसऱ्या कुणासाठी सांगू दे. बाबा, ती शपथ तिची आहे ना? मग पोट माझं आहे."

रात्रीची भाकरी करायची होती, मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून पाटावर बसले. लाल कापड सोडून पोथी काढली, भिंग शेजारी ठेवलं. हातावर पाणी घेतलं. संकल्पात आधी आपलं गोत्र, आपलं नाव, मग ज्याच्यासाठी करायचं त्याचं नाव, आणि मग काय हवं ते. इतकी वर्षं मी कितीदा पाणी सोडलं असेल, ह्यांच्या बढतीसाठी, केतकीच्या परीक्षांसाठी, तिच्या लग्नासाठी, आणि या तीन वेळांसाठी. नाव जिभेवर आयतं येऊन बसायचं. त्या दिवशीही आलं. पलीकडच्या खोलीत ती जागी होती, कूस बदलल्याचा आवाज आला. ऐकत होती की नव्हती, मला माहीत नाही. मी गोत्र म्हणाले, माझं नाव म्हणाले, आणि पुढची जागा मोकळी सोडली. पाणी बोटांतून गळायला लागलं होतं. ते तसंच ताम्हनात सोडलं.

इतकी कठीण गोष्ट मी कधी केली नव्हती. उपास सोपे असतात.

मग रोज तसंच. डोळ्याला धार लागायची, दुपार व्हायची, हे चहा करून झाकून ठेवायचे आणि काही विचारायचे नाहीत. केतकी आणि मी बोलत होतो. खायला काय हवं, पाय सुजलेत का, डॉक्टरांना फोन केलास का. सगळं बोलत होतो. फक्त ती काही म्हणाली, 'बरं वाटतंय' म्हणाली किंवा 'झोप लागली' म्हणाली, की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. आधी कधी बघावं लागलं नव्हतं.

मुलगा झाला, भर दुपारी. दोघंही सुखरूप. ह्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यातून सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. प्रत्येकाला सांगत होते, "हिच्या वाचनाला फळ आलं." मी ऐकत होते. दमयंतीताईही येऊन गेल्या, बाळाला अंगारा लावून गेल्या. केतकीने लावू दिला.

सगळे गेल्यावर खोलीत आम्ही दोघीच उरलो. बाळ माझ्या मांडीवर होतं, मूठ घट्ट मिटून. केतकी थकलेली होती, पण चेहरा निवला होता. खूप दिवसांनी ती माझ्याकडे पूर्वीसारखी हसून बघत होती.

"आई, खरं सांग. घ्यायचीस ना नाव रोज?"

"नाही."

"मी रागावणार नाही गं आता."

"नाही घेतलं, केतकी. एक दिवसही नाही."

ती हसली. हात लांब करून तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, लहान मुलाची समजूत काढावी तसं. "बरं," ती म्हणाली. "असू दे. घेतलं असशील तरी असू दे."

मी पुन्हा सांगितलं नाही.

नातवाला आता सातवं लागलंय. तो पोटात असताना आजी त्याच्यासाठी डोळे फोडून कशी पोथी वाचायची, ती गोष्ट केतकी सगळ्यांना सांगते, अगदी कौतुकाने. 'मी नको म्हटलं होतं, पण आई कुठली ऐकते, माझ्या नावाने वाचलंच तिने,' असं शेवटी सांगते. सगळे हसतात. तोही हसतो, आणि माझ्याकडे बघतो. मी त्याच्या ताटात वाढत राहते.